प्रतिरक्षा कोशिका : विकास व विशेषीकरण यांच्या ज्ञानाचा इतिहास

शरीरात शिरलेले सूक्ष्मजंतू, व्हायरस व परके पदार्थ तसेच शरीराच्याच बिघडलेल्या कोशिका (पेशी) ओळखून त्यांचा नाश करणाऱ्या कोशिकांना प्रतिरक्षा कोशिका म्हणतात. रक्तातील श्वेत कोशिका, लसीका ग्रंथी व प्लीहा (पाणथरी) यांतील लसीका कोशिका आणि बहुतेक सर्व ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) कायम वस्ती करून असलेल्या भक्षिकोशिका यांचा त्यांत समावेश होतो. प्रौढ माणसात यांपैकी बहुतेक कोशिकांचा उगम अस्थिमज्जेतील (हाडांच्या पोकळीतील मऊ पदार्थातील) एकाच प्रकारच्या मूलकोशिकेपासून होतो. एकाच मुळापासून निघालेल्या या कोशिकांपैकी एक जंतू गिळते, दुसरी प्रतिपिंडे (विशिष्ट परक्या पदार्थाला चिकटून त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने) तयार करते, तिसरी व्हायरसग्रस्त कोशिका मारते आणि चौथी या सर्वांना आवर घालते. हे श्रमविभाजन कसे घडते ते उमगण्यास सु. दीडशे वर्षे लागली. या काळातील अनेक महत्त्वाचे शोध निरोगी शरीराच्या निरीक्षणाने लागले नाहीत. ज्या शरीरात या यंत्रणेचा एखादा भाग जन्मतः नव्हता, काढून टाकलेला होता किंवा रोगाने नाहीसा झाला होता, अशा शरीरांनी तो भाग कशासाठी असतो हे दाखवून दिले. महाराष्ट्रात प्लेग, कुष्ठरोग, एड्स व रक्ताचा कर्करोग यांसंबंधी झालेल्या कार्याचाही या इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

श्वेत कोशिकांची ओळख : रक्तात तांबड्या कोशिकांखेरीज रंगहीन कोशिकाही असतात, हे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अठराव्या शतकातच आढळले होते; परंतु त्या सर्व एकाच प्रकारच्या भासत. पॉल एर्लिक (१८५४–१९१५) या जर्मन वैद्यांनी १८७९ च्या सुमारास कोळशाच्या डांबरापासून मिळणारे नवे रंजक (रंगद्रव्ये) रक्ताच्या पातळ थरावर वापरून पाहिले. काही कोशिकांतील कणिका अम्लधर्मी रंजक घेतात, काही क्षारकधर्मी, तर काही दोहोंच्या मिश्रणाने फिकट रंगतात, असे त्यांना आढळले. यावरून अम्लरागी, क्षारकरागी व उदासीनरागी असे वर्ग पडले. रुग्णालयाच्या अहवालात ‘न्यूट्रोफिल’ म्हणून नोंद होते, ती हीच उदासीनरागी कोशिका होय. भारतीय प्रयोगशाळांत या कामासाठी विल्यम लीशमन या भारतात नोकरी केलेल्या लष्करी वैद्यांनी १९०१ मध्ये सिद्ध केलेला रंजक विशेष रूढ झाला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काय किंवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९५६) ‘घाटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात काय, ताप आलेल्या माणसाच्या रक्ताची जी प्राथमिक तपासणी होते तिचे मूळ एर्लिक यांच्या वर्गीकरणात आहे. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घ. मिमी. मध्ये सु. ४,००० ते ११,००० श्वेत कोशिका असतात. त्यांपैकी शेकडा ४० ते ७५ उदासीनरागी व शेकडा २० ते ४५ लसीका कोशिका असतात. एककेंद्रकी, अम्लरागी व क्षारकरागी यांचे प्रमाण बरेच कमी असते. जंतुजन्य पुवाळा झाल्यास उदासीनरागी कोशिका वाढतात, तर जंत किंवा अधिहृषता (काही पदार्थांना शरीराने दिलेला वाजवीपेक्षा तीव्र प्रतिसाद) यांत अम्लरागी वाढतात. रंजकामुळे कोशिकांचे वेगळेपण दिसले, तरी हे वेगळेपण कोठून येते व कशासाठी असते, याचे उत्तर मात्र रंजकांतून मिळण्यासारखे नव्हते.

कोशिका की द्रव : ईल्या मेच्निकॉव्ह (१८४५–१९१६) या रशियन प्राणिवैज्ञानिकांनी १८८२ च्या अखेरीस सिसिलीतील मेसीना येथे तारामीनाच्या पारदर्शक डिंभात (अळीसारख्या बाल्यावस्थेत) गुलाबाचा काटा रुतवला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती हालचाल करणाऱ्या कोशिका गोळा झालेल्या दिसल्या. परक्या वस्तूला वेढून गिळणे हेच संरक्षणाचे मूळ स्वरूप होय, असे प्रतिपादन करून त्यांनी अशा कोशिकांना भक्षिकोशिका मानले. याउलट १८९० मध्ये एमिल फोन बेरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी धनुर्वात व घटसर्प यांचा प्रतिकार करण्याचा गुण रक्तरसाने (रक्त साखळल्यावर सुट्या होणाऱ्या निवळ द्रवाने) एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येतो, असे दाखवले. त्यामुळे प्रतिरक्षा कोशिकांत असते की रक्तातील द्रवात असते, असा वाद उभा राहिला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह व एर्लिक या परस्परविरोधी पक्षांच्या अग्रणींना विभागून देण्यात आले, तरीही वाद मिटला नाही.

या वादाच्या ऐन भरात मुंबईत एक मोठा प्रयोग घडून आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात आकाशिओ गाब्रिएल व्हिएगश या वैद्यांनी प्लेगचे निदान केले. ओडेसा विद्यापीठात मेच्निकॉव्ह यांचे शिष्य असलेले वॉल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१८६०–१९३०) त्या वेळी कॉलऱ्याच्या लशीच्या कामासाठी भारतात होते. त्यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी मांसरसावर तूप तरंगत ठेवून त्याच्या आश्रयाने प्लेगचे जंतू भरपूर वाढवले, तापवून मारले व त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली व त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांवर तिची चाचणी घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. मृत जंतू टोचल्याने संरक्षण मिळते, हे हजारो माणसांत सिद्ध झाले. परंतु शरीरातील कोणती कोशिका त्या जंतूंची ओळख पटवून घेते व ती कोठे टिकवून ठेवते, हे लस देणाऱ्यांना त्या वेळी सांगता येत नव्हते. मेच्निकॉव्ह यांच्या भक्षिकोशिका त्यास पुरेशा नव्हत्या; कारण त्या समोर येईल ते गिळतात, एकाच जंतूची विशिष्ट आठवण ठेवत नाहीत.

लसीका कोशिकांचे कार्य : आठवण ठेवणारी कोशिका रक्ताच्या प्रत्येक तपासणीत दिसत होती, पण तिच्याकडे दुर्लक्ष झाले होते. गोल केंद्रक व त्याभोवती नाममात्र जीवद्रव्य असलेली लहान लसीका कोशिका ही आयुष्य संपत आलेली, निरुपयोगी कोशिका असावी, असे अनेक वैज्ञानिकांचे मत होते. १९४२ मध्ये कार्ल लँडस्टायनर व मेरिल चेस यांनी विशिष्ट पदार्थाबाबतची त्वचेची संवेदनशीलता रक्तरसाने नव्हे, तर जिवंत कोशिकांनी एका गिनीपिगातून दुसऱ्यात नेता येते, असे सिद्ध केले. १९४८ मध्ये स्वीडनच्या आस्त्रीद फागरेउस यांनी प्रतिपिंडांची निर्मिती प्लाझ्मा कोशिका या प्रकाराशी निगडित असल्याचे दाखवले. म्हणजे ‘द्रव’ हेही अखेर कोशिकेचेच उत्पादन ठरले. ऑक्सफर्ड येथे जेम्स गोवन्स यांनी १९५० नंतरच्या दशकात उंदरांच्या वक्षीय लसीकावाहिनीतून लसीका कोशिका सतत काढून घेतल्या, तेव्हा उंदरांची नव्या प्रतिजनास (प्रतिकार जागवणाऱ्या पदार्थास) प्रतिसाद देण्याची क्षमता घटली; त्या कोशिका परत दिल्यावर ती पूर्ववत झाली. लसीका कोशिका रक्तातून लसीका ग्रंथींत व तेथून पुन्हा रक्तात अशा आयुष्यभर फिरत असतात, हेही त्यांनीच दाखवले.

लसीका कोशिकांच्या दोन शाखा : या काळात दोन आकस्मिक घटनांनी या शास्त्रास कलाटणी दिली. कोंबडीच्या अवस्कराजवळ (आतडे व जननमूत्रमार्ग ज्यात एकत्र उघडतात त्या कक्षाजवळ) एक लहान पिशवी असते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील पाद्युआचे शारीरज्ञ फॅब्रिशियस यांच्या वर्णनावरून तिला त्यांचे नाव मिळाले. परंतु तिचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता. अमेरिकेतील ओहायओ येथे ब्रूस ग्लिक यांनी पिलांची ही पिशवी काढून टाकली होती. टिमथी चँग या सहकाऱ्यांना वर्गात प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्यांनी याच कोंबड्या वापरल्या आणि त्यांच्यात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. हा शोध १९५६ मध्ये कुक्कुटपालनविषयक एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला व वैद्यकाच्या नजरेस येण्यास काही वर्षे लागली.

दुसरी घटना यौवनलोपी ग्रंथीसंबंधी आहे. छातीच्या हाडामागे असलेली ही ग्रंथी बालपणी ठळक असते व तारुण्यापासून आक्रसत जाते, म्हणून मराठीत तिला हे अन्वर्थक नाव मिळाले. लोप पावणाऱ्या अवयवाला महत्त्वाचे कार्य नसावे, असा समज रूढ होता. १९६१ मध्ये लंडन येथे झाक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. असे उंदीर खंगून मरू लागले, त्यांच्यात लसीका कोशिका फार कमी आढळल्या व परक्या उंदराचे कातडे त्यांच्या अंगावर विनातक्रार रुजले. प्रौढ उंदरात मात्र ग्रंथी काढल्याचा असा तात्काळ परिणाम दिसला नाही. कारण तोपर्यंत तिने आपले बरेचसे कार्य पार पाडलेले असते.

१९६५ मध्ये मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांतील प्रयोगांवरून या दोन अवयवांचे कार्य वेगळे करून दाखवले : पिशवीवर अवलंबून असणाऱ्या कोशिका प्रतिपिंडे बनवतात, तर यौवनलोपी ग्रंथीतून येणाऱ्या कोशिका प्रत्यक्ष कोशिकीय हल्ला करतात. माणसातील जन्मजात व्यंगे याला पुष्टी देणारी होती. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन यांनी वर्णिलेल्या, वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलीन जवळजवळ नव्हते. अशा मुलांना यौवनलोपी ग्रंथी असते. याउलट काही बालकांत ही ग्रंथीच विकसित झालेली नसते व ती व्हायरस आणि बुरशी यांना बळी पडतात. पहिल्या शाखेस बी-कोशिका व दुसरीस टी-कोशिका ही नावे १९७० च्या सुमारास रूढ झाली. माणसाला ती पिशवी नाही. बी-कोशिकांची प्राथमिक जडणघडण अस्थिमज्जेतच होते.

समान मूळ : अस्थिमज्जेत रक्तकोशिका तयार होतात, हे एर्न्स्ट नॉयमन यांनी १८६८ मध्ये मांडले होते. परंतु सर्व रक्तकोशिकांचे मूळ एक की अनेक, यावर पुढे जवळजवळ शंभर वर्षे एकमत नव्हते. अणुबाँबनंतर प्रारणाच्या दुष्परिणामांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यातून याचे उत्तर मिळाले. टोराँटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅकलक यांनी तीव्र प्रारणाने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना निरोगी मज्जा टोचली. काही दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर लहान गाठी उठल्या व प्रत्येक गाठीत अनेक प्रकारच्या रक्तकोशिका आढळल्या. अशी प्रत्येक गाठ एकाच कोशिकेची संतती असते, हे त्यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले.

गर्भावस्थेत रक्तनिर्मिती प्रथम पीतक कोशात, नंतर यकृतात व अखेरीस मज्जेत होते. मूलकोशिका विभागते तेव्हा काही कन्याकोशिका मूलकोशिकाच राहतात, तर इतर एकेका वाटेस लागतात. कोणती जनुके (आनुवंशिक घटक) चालू राहतील व कोणती बंद होतील, यावर वाट ठरते. भोवतालच्या कोशिकांकडून येणारी प्रथिनरूप संदेशद्रव्ये त्या निर्णयास दिशा देतात. एका वाटेने उदासीनरागी व एककेंद्रकी कोशिका बनतात, तर दुसरीने बी, टी व नैसर्गिक मारक कोशिका बनतात. निरोगी प्रौढाची मज्जा दररोज सु. १०० अब्ज उदासीनरागी कोशिका तयार करते. त्यांचे आयुष्य फार अल्प असते. काही भक्षिकोशिका मात्र या नियमास अपवाद आहेत. मेंदूतील भक्षिकोशिका मज्जेतून येत नाहीत. त्या गर्भावस्थेतच पीतक कोशातून येऊन तेथे वस्ती करतात, असे २०१० मध्ये उंदरांतील प्रयोगांनी दाखवले.

मूलकोशिकेच्या शोधामुळे मज्जारोपणास शास्त्रीय आधार मिळाला. १९६८ मध्ये अमेरिकेत गुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिरक्षा जवळजवळ नसलेल्या बालकास त्याच्या बहिणीची मज्जा देऊन वाचवले. भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये केले. रुग्णाची रोगट मज्जा नष्ट करून तेथे दुसऱ्याच्या मूलकोशिका रुजवल्या की काही आठवड्यांत नव्या श्वेत कोशिका रक्तात दिसू लागतात. टी-कोशिकांची संपूर्ण घडण मात्र सावकाश होते. विशेषतः प्रौढ रुग्णात यौवनलोपी ग्रंथी आक्रसलेली असल्याने तीस कित्येक महिने, क्वचित वर्षेही लागतात.

निवड : जगातील असंख्य जंतूंपैकी प्रत्येकाला ओळखणारी कोशिका शरीरात कशी असू शकते, हा प्रश्न एर्लिक यांच्या काळापासून अनुत्तरित होता. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये असे सुचवले की, जंतू कोशिकेला काही शिकवत नाही. वेगवेगळे ग्राही (विशिष्ट पदार्थाला जुळणारे पृष्ठभागावरील प्रथिन) धारण करणाऱ्या कोशिका आधीच तयार असतात. ज्या कोशिकेचा ग्राही जंतूशी जुळतो तीच वाढते व तिची प्रजा मागे उरते. हीच आठवण होय. हाफकिन यांच्या लशीने अशाच मोजक्या कोशिकांची प्रजा वाढवली होती, असे आता म्हणता येते. इतके वैविध्य थोड्या जनुकांतून कसे निर्माण होते, हे सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवले : लसीका कोशिका घडत असताना तिच्या डीएनएचे तुकडे कापले जाऊन नव्या क्रमाने जोडले जातात. म्हणून एका माणसाच्या दोन लसीका कोशिकांची जनुकेही सर्वस्वी सारखी नसतात. या कार्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा यदृच्छया जुळणीतून स्वतःच्या शरीरावर उलटणारे ग्राहीही तयार होतात. यौवनलोपी ग्रंथीत प्रत्येक होतकरू टी-कोशिकेची दुहेरी परीक्षा होते. शरीराची ओळखचिन्हे जिला मुळीच वाचता येत नाहीत ती कोशिका मरते व जी स्वकीय पदार्थांना फार घट्ट चिकटते तीही मरते. शेकडा ९५ हून अधिक कोशिका ग्रंथीतच नष्ट होतात. विशेषीकरण म्हणजे केवळ नवे गुण येणे नव्हे, घातक व निरुपयोगी कोशिकांना मोठ्या प्रमाणावर गाळून टाकणेही होय, हे यावरून लक्षात येते.

कुष्ठरोगाची साक्ष : टी-कोशिकांतही प्रकार असतात व त्यांच्यातील निवड चुकल्यास काय होते, हे कुष्ठरोगात फार स्पष्ट दिसते [→ कुष्ठरोग]. जंतू तोच असताना काही रुग्णांत त्वचेवर थोडेच बधिर चट्टे उठतात व जंतू क्वचितच सापडतात. काहींत मात्र सर्व अंगभर गाठी येऊन ऊतके जंतूंनी भरून जातात. नवल असे की, दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडे विपुल असतात; ती उपयोगी पडत नाहीत, कारण जंतू भक्षिकोशिकांच्या आत सुरक्षित राहतात. जंतू गिळलेल्या भक्षिकोशिकेला त्याचा नाश करण्याची चेतना टी-कोशिकेकडून मिळावी लागते आणि तीच येथे मिळत नाही. ‘कोशिका की द्रव’ हा जुना वाद येथे एका रोगाच्या दोन टोकांत मूर्त झालेला दिसतो.

या रोगावर मुंबईत मूलगामी संशोधन झाले. विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कुष्ठरोगाच्या प्रारंभीच्या व्रणांचा व तंत्रिकांतील (मज्जातंतूंतील) जंतूंचा अभ्यास केला. १९५८ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे व खानोलकर यांनी अशा रुग्णाच्या ऊतकापासून एक जंतू वाढवल्याचे प्रसिद्ध केले. पुण्यात जन्मलेल्या रणदिवे (जन्म १९१७) यांनी या संस्थेत ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली होती. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. हा जंतू प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा नसून त्याच कुलातील निराळा असल्याचे पुढे मानण्यात आले, तरी टी-कोशिकांना जागवण्याचा गुण त्यात होता. १९७९ च्या सुमारास माधव देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून लस केली. १९९० नंतरच्या दशकात तमिळनाडूत घेतलेल्या मोठ्या तौलनिक चाचणीत या लशीने सु. ६५ टक्के संरक्षण दिले.

दरम्यान १९८६ मध्ये टिमथी मॉसमन व रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या साहाय्यक टी-कोशिकांचे दोन प्रकार ओळखले : पहिला इंटरफेरॉन-गॅमा स्रवून भक्षिकोशिकांना चेतवतो, तर दुसरा इंटरल्यूकिन-४ इ. द्रव्यांद्वारे प्रतिपिंडांच्या निर्मितीस साहाय्य करतो. १९९१ मध्ये कुष्ठरोग्यांच्या व्रणांत हाच भेद दिसून आला. सौम्य प्रकारात पहिल्याची व पसरणाऱ्या प्रकारात दुसऱ्याची द्रव्ये अधिक होती. पुढे साहाय्यक कोशिकांचे आणखी प्रकार सापडले व या प्रकारांमधील सीमा पूर्वी वाटल्या तितक्या अभेद्य नाहीत, हेही स्पष्ट झाले.

साहाय्यक व नियामक कोशिका : साहाय्यक कोशिकेचे मोल जगाला एड्सने शिकवले. १९८१ मध्ये अमेरिकेत प्रथम वर्णिलेल्या या रोगाचा एचआयव्ही हा व्हायरस सीडी-४ हे प्रथिन धारण करणाऱ्या साहाय्यक टी-कोशिकांत शिरतो. निरोगी रक्तात दर घ. मिमी. मध्ये त्या सु. ५०० ते १,५०० असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही घातक ठरतात व क्षयरोग उचल खातो. बी-कोशिका, मारक टी-कोशिका व भक्षिकोशिका जागेवर असूनही कोशिकांचा एकच गट नाहीसा झाल्याने सारी यंत्रणा कोलमडते. या रोगाच्या संशोधनासाठी १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. व्हायरसविरोधी औषधांमुळे सीडी-४ कोशिका पुन्हा वाढतात व रुग्ण दीर्घकाळ जगू शकतो.

आवर घालणाऱ्या कोशिकांचा शोधही उणिवेतूनच लागला. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी यौवनलोपी ग्रंथी काढलेल्या उंदरांत प्रतिकारशक्ती घटण्याऐवजी ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, असे १९६९ मध्ये जपानात आढळले होते. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या हल्ल्याला रोखणाऱ्या नियामक टी-कोशिका ओळखल्या. मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्या घडणीस आवश्यक असलेले जनुक शोधले. त्यात दोष असलेल्या मुलांत मधुमेह, अतिसार व त्वचारोग बालपणीच उद्भवतात. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

उपचारांतील उपयोग : या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. भारतात जन्मतःच बीसीजी लस दिली जाते. निरोगी बालकास ती निर्धोक असते. परंतु टी-कोशिकाच नसलेल्या क्वचित जन्मणाऱ्या बालकात लशीतील जिवंत जंतू शरीरभर पसरतात. अशा बालकांचे वेळीच निदान होणे जीवनमरणाचा प्रश्न असतो. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था या जन्मजात दोषांच्या निदानाचे कार्य करते. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून या संस्थेचा आरंभ झाला. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिकाविज्ञान केंद्रात रक्ताच्या मूलकोशिका व प्रतिरक्षा यांवर मूलभूत संशोधन चालते.

रक्ताचे अनेक कर्करोग म्हणजे अर्धवट थांबलेले विशेषीकरण होय. पक्वतेच्या एखाद्या पायरीवर अडकलेली कोशिका पुढे न जाता केवळ आपली संख्या वाढवत राहते. ती कोणत्या शाखेची व कोणत्या पायरीवरची आहे, हे पृष्ठभागावरील प्रथिनांवरून ठरवूनच उपचारांची दिशा निश्चित करतात. मराठवाड्यातील रुग्णांना कर्करोगाच्या उपचारांसाठी पूर्वी बहुधा मुंबई गाठावी लागे. २०१२ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास संलग्न असे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्याने बरीच सोय झाली.

अलीकडे कोशिकेचे विशेषीकरण मानवी हेतूनुसार बदलण्यात यश आले आहे. रुग्णाच्या रक्तातील टी-कोशिका वेगळ्या काढून त्यांत कृत्रिम ग्राहीचे जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवतात व त्या परत रुग्णाच्या शरीरात सोडतात. हा ग्राही बी-कोशिकांवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखतो, त्यामुळे कर्करोगग्रस्त बी-कोशिका मारल्या जातात. भारतीय तंत्रविज्ञान संस्था, मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्याने विकसित झालेल्या अशा उपचारपद्धतीस ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेची मान्यता मिळाली व ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुंबईत तिचे उद्‌घाटन झाले. या उपचारात निरोगी बी-कोशिकाही नष्ट होतात. म्हणजे ब्रूटन यांच्या रुग्णात जन्मतः असलेली उणीव येथे काही काळ उपचारामुळेच निर्माण होते व तिच्यासाठी बाहेरून प्रतिपिंडे द्यावी लागू शकतात. ती उणीव सोसता येते हे आधी ठाऊक असल्यामुळेच हा उपचार योजता आला.

सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत दिलेली लस तिचा परिणाम कोणत्या कोशिकांवर होतो हे न कळता दिली गेली. आज त्याच शहरात विशिष्ट कोशिका निवडून, तिला नेमके काम नेमून देऊन रुग्णाच्या शरीरात परत पाठवली जाते. या दोन टप्प्यांमधील ज्ञान ज्यांच्या शरीरातील उणिवांमुळे मिळाले, त्या बालकांना, कुष्ठरोग्यांना व एड्सग्रस्तांना त्याचा लाभ त्यांच्या हयातीत बहुधा मिळाला नाही. महागडे कोशिकीय उपचार जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचणे, हे या शास्त्राच्या उपयोजनाचे पुढील कार्य होय.